पुढाऱ्याचे खासगी वर्तन

निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे आपल्याकडे एक जुना वाद हटकून नव्याने उभा राहतो. राज्यकारभार ज्याच्या हाती द्यावयाचा त्याच्या घरच्या वर्तनाची चौकशी मतदाराने करावी की करू नये? एक पक्ष म्हणतो, ज्यास आपले घर सांभाळता आले नाही तो राष्ट्र काय सांभाळणार! दुसरा म्हणतो, रोग्याने वैद्याच्या औषधाचा गुण पाहावा, वैद्याच्या घरात डोकावू नये. दोन्ही वचने कानांस गोड आहेत आणि दोन्हींचा उपयोग बहुधा सोयीप्रमाणे होतो. पुढारी आपला असला म्हणजे वैद्याचा दृष्टांत आठवतो, परका असला म्हणजे घराचा. जे उत्तर माणूस पाहून बदलते ते विचाराने दिलेले नव्हे, हे सांगण्यास कायद्याची पदवी लागत नाही. म्हणून आजच्या कोणाचेही नाव न घेता, ज्याचा बरावाईट निकाल इतिहासाने केव्हाच देऊन टाकला आहे असे एक प्रकरण आम्ही वाचकांपुढे ठेवतो. ते आयर्लंडचे पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांचे होय.

पार्नेल हे स्वतः जमीनदार व प्रॉटेस्टंट. परंतु कॅथलिक कुळांच्या लढ्याचे पुढारीपण त्यांच्याकडे आले आणि १८८० पासून पार्लमेंटातील आयरिश पक्षाची सूत्रे त्यांच्या हाती होती. १८८१ त सरकारने त्यांस किल्मेनहॅमच्या तुरुंगात टाकले. १८८५ च्या निवडणुकीत त्यांनी ८६ सभासद निवडून आणले, आणि ग्लॅडस्टन यांस १८८६ त स्वराज्याचे बिल आणणे भाग पडले. ते अवघ्या तीस मतांनी पडले. पुढल्या वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने पार्नेल यांच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले. फिनिक्स पार्कमधील १८८२ च्या खुनांस त्यांची मूक संमती होती असा त्याचा आशय होता. पुढे चौकशी मंडळासमोर सर चार्ल्स रसेल यांनी रिचर्ड पिगट या इसमाची उलटतपासणी केली. एक इंग्रजी शब्द तो जसा चुकीचा लिहीत असे तसाच तो त्या बनावट पत्रांतही सापडला, आणि पिगट पळून माद्रिदला गेला व तेथे त्याने १८८९ च्या मार्चमध्ये स्वतःस गोळी घातली. उलटतपासणी कशास म्हणतात हे ज्या तरुण वकिलांस शिकावयाचे असेल त्यांनी ती अवश्य वाचावी. पार्नेल पार्लमेंटात आले तेव्हा ग्लॅडस्टन यांच्यासह सभासदांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅप्टन ओ'शी यांनी पत्नीविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला व पार्नेल यांस त्यात प्रतिवादी केले. १८९० च्या नोव्हेंबरात दावा चालला. प्रतिवादीने बचाव केला नाही, आणि दोन दिवसांत निकाल झाला. येथे कायद्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. बचाव न झालेल्या दाव्यातील पुरावा हा कसास न लागलेला पुरावा असतो. पार्नेल व श्रीमती ओ'शी यांचा संबंध खरा होता. त्यांस मुलेही झाली होती. परंतु कॅप्टनसाहेबांस या गोष्टी इतकी वर्षे ठाऊक होत्या की नाही, आणि असल्यास ते गप्प का राहिले, या प्रश्नांवर त्यांची उलटतपासणी घेण्यास कोर्टात कोणी उभेच राहिले नाही. पत्नीच्या श्रीमंत मावशीचा वारसा मिळण्याची वाट पाहत ते थांबले होते, असे पुष्कळांनी मागाहून लिहिले आहे.

निकाल लागताच इंग्लंडातील धर्मनिष्ठ मतदार खवळले. आयरिश पक्षाने मात्र २५ नोव्हेंबर रोजी पार्नेल यांसच पुन्हा अध्यक्ष निवडले. लगोलग ग्लॅडस्टन यांचे पत्र प्रसिद्ध झाले. पार्नेल पुढारी राहिल्यास आपले नेतृत्व जवळजवळ निष्फळ होईल, असे त्यात होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पार्लमेंटाच्या पंधराव्या क्रमांकाच्या दालनात पक्षाची बैठक दिवसेंदिवस चालली, आणि अखेरीस चाळिसांहून अधिक सभासद जस्टिन मॅकार्थी यांच्यामागून उठून गेले. पार्नेल यांच्याजवळ तीसही उरले नाहीत. बिशपांनीही त्यांच्याविरुद्ध कौल दिला. त्यानंतर तीन पोटनिवडणुकांत त्यांचे उमेदवार पडले. १८९१ च्या जूनमध्ये त्यांनी त्या बाईंशी विवाह केला आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते मरण पावले. फुटलेला पक्ष १९०० पर्यंत सांधला गेला नाही.

आता यातून बोध काय घ्यावयाचा? सोवळ्या पक्षास आम्ही प्रथम विचारतो की, हा नीतीचा उमाळा १८९० तच का आला? पार्नेल यांचा या घराशी असलेला संबंध ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या कानांवर १८८२ तच गेला होता, आणि त्यानंतरही श्रीमती ओ'शी यांच्या हस्ते निरोप पाठविण्यास व घेण्यास त्या मंत्र्यांस विटाळ वाटला नाही. म्हणजे पापाचा बाध नव्हता, बोभाट्याचा होता. ग्लॅडस्टन यांनी निदान मतांचा हिशेब उघडपणे मांडला, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभले.

परंतु ‘खासगी ते खासगी’ म्हणणाऱ्यांसही हे प्रकरण सुखाने झोपू देणारे नाही. १८८६ त गॉल्वेची जागा रिकामी झाली तेव्हा पार्नेल यांनी तेथे कोणास उभे केले? याच कॅप्टन ओ'शी यांस! पक्षाची शपथ घेण्याचे ज्याने नाकारले, ज्याच्याविषयी सहकाऱ्यांस तिटकारा होता, त्या माणसास आपल्या पुढारीपणाचे सर्व वजन खर्चून त्यांनी गॉल्वेच्या मतदारांच्या माथी मारले. बिगर व हीली यांनी विरोध केला, पण तो चालला नाही. कॅप्टनचे तोंड बंद ठेवण्याची ही किंमत होती असा सहकाऱ्यांस संशय आला. संशय म्हणजे पुरावा नव्हे. तथापि याहून समाधानकारक खुलासा पुढे आलेला नाही. आणि हे महाशय त्याच वर्षी स्वराज्याच्या बिलावर मत देण्याची वेळ आली तेव्हा मत न देताच निघून गेले. घरातील गुपिताची किंमत राष्ट्राच्या तिजोरीतून दिली गेली, त्या दिवशी ते गुपित खासगी राहिले नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस याहूनही गंभीर वाटते. दावा लागल्यावर मायकेल डॅव्हिट यांच्यासारख्या निष्ठावंतांनी विचारले तेव्हा, आपण यातून निष्कलंक बाहेर पडू असे पार्नेल यांनी त्यांस भासविले. त्या भरवशावर माणसांनी जाहीर सभांतून त्यांच्यासाठी आपली अब्रू तारण ठेवली. प्रेम करणे हा गुन्हा आहे की नाही याचा निवाडा करावयास आम्ही बसलेलो नाही. परंतु अनुयायांस अंधारात ठेवून त्यांच्या शब्दावर उभे राहणे हा विश्वासघात आहे, आणि पुढारीपण म्हणजे दुसरे काय, तर विश्वासावर दिलेली ठेवच ना?

राष्ट्रीय पक्षाच्या लोकांस येथे एक मोह होतो, आणि तो आम्हांस चांगला परिचित आहे. ‘शत्रूच्या सांगण्यावरून आम्ही आमचा पुढारी बदलावा काय?’ ग्लॅडस्टन यांचे पत्र बाहेर पडताच पार्नेल यांनी हाच प्रश्न आयर्लंडास विचारला, आणि तो इतका जिव्हारी लागणारा होता की मूळ प्रश्न बाजूसच पडला. शत्रूने ‘काढा’ म्हटले म्हणून काढणे जितके लाजिरवाणे, तितकेच शत्रूने ‘काढा’ म्हटले म्हणून ठेवणे बुद्धिहीनपणाचे. दोन्ही वेळी निर्णय शत्रूच घेतो.

या वादात जिचे म्हणणे कोणीच ऐकत नाही ती म्हणजे स्त्री. अमेरिकेत १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्यावर विवाहबाह्य अपत्याचा आरोप आला. त्यांनी तो नाकारला नाही. त्यांचे प्रतिस्पर्धी ब्लेन यांच्यावर सार्वजनिक व्यवहारात पैसे खाल्ल्याचा संशय होता. तेव्हा व्यवहारात चोख माणसास अध्यक्ष करावे व घरात चोख माणसास घरी पाठवावे, असा चतुर युक्तिवाद निघाला. क्लीव्हलंड निवडून आले, आणि हा निकाल शहाणपणाचा म्हणून आजवर सांगितला जातो. परंतु मरिया हॅल्पिन या स्त्रीने त्या वेळी प्रतिज्ञेवर सांगितले होते की, आपल्यावर बळजबरी झाली. तिचे मूल तिच्यापासून काढून घेण्यात आले व तिला वेड्यांच्या इस्पितळात नेण्यात आले होते. हे म्हणणे कोणत्याही न्यायालयात तपासले गेले नाही. ‘खासगी’ या एका शब्दाने ते दप्तरी दाखल करून टाकले! दोन सज्ञान माणसांच्या संमतीचा संबंध आणि एकाने दुसऱ्यावर केलेला जुलूम यांस एकाच पिशवीत घालणे हे न्यायाचे लक्षण नव्हे.

पार्नेल यांचा पाडाव होत होता त्याच महिन्यांत पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून रणे माजली होती, ही गोष्ट आमच्या वाचकांस आठवत असेल. १८९० त कलकत्त्यास फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने मेली. मुलगी दहा वर्षांची मर्यादा ओलांडून गेलेली म्हणून त्यास बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. दुखापतीबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला, आणि त्यास विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा हाही होता की, घरातील गोष्टीत सरकारने पडू नये. उंबरठ्याच्या आत जे घडते ते सर्व खासगी, हे तत्त्व त्या मुलीच्या प्रेताशेजारी ठेवून पाहावे.

तेव्हा मतदाराने पाहावयाचे ते इतकेच: या वर्तनाने कोणा तिसऱ्याचा हक्क बुडाला काय, ते लपविण्यासाठी सार्वजनिक अधिकार वापरला गेला काय, आणि विचारले असता उमेदवार खोटे बोलला काय. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर पुढाऱ्याच्या शेजघराची चर्चा पानपट्टीच्या दुकानावर ठेवावी. वर्तमानपत्राने तीस जागा देऊ नये.

आज मतदाराच्या हाती १८९० च्या आयरिश मतदाराजवळ नव्हते असे साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे उमेदवारास आपल्यावरील फौजदारी खटले व मालमत्ता प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावी लागते. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने आणखी फर्माविले की, खटले चालू असलेला उमेदवार पक्षाने निवडल्यास त्याची कारणे वर्तमानपत्रांत व समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करावीत, आणि ‘हा निवडून येऊ शकतो’ एवढेच कारण चालणार नाही. पक्षांनी प्रसिद्ध केलेली ही कारणे आम्ही वाचतो. त्यांत उमेदवाराच्या लोकप्रियतेचे व समाजसेवेचे वर्णन सढळ हाताने केलेले असते आणि आरोप राजकीय सूडाचे आहेत असेही सहसा लिहिलेले असते. ज्याच्यावर अन्याय झाल्याची तक्रार आहे त्या माणसाविषयी एक ओळही बहुधा नसते. प्रचारासाठी पक्षाचे लोक दारी येतील तेव्हा मतदाराने त्यांस ती ओळ मागावी.