घरचे सॉसेज : चव बर्लिनची, खबरदारी स्वयंपाकघराची

दुसऱ्या महायुद्धानंतरचे बर्लिन. शहराचा मोठा भाग ढिगाऱ्यांत होता आणि चौघा जेत्यांनी ते आपसांत वाटून घेतले होते. ४ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातील शार्लोटेनबुर्ग भागात हेर्टा हॉयवर या टपरीवालीने तळलेल्या सॉसेजवर टोमॅटो आणि करी पावडरीचा सॉस ओतून तो गिऱ्हाइकांना दिला, असे सांगितले जाते. बांधकामावरच्या मजुरांना स्वस्त, गरम आणि पोटभर असे काही तरी हवेच होते. तोच पदार्थ ‘करीवुर्स्ट’. आज त्या जागी हॉयवर यांच्या नावाची पाटी आहे.

करीवुर्स्ट, ब्राटवुर्स्ट हे जर्मन रस्त्यांवरचे पदार्थ आता आपल्याकडेही घरी करून पाहिले जातात. ‘बाहेरचे नको, घरचे खा’ हा आपला ठरलेला सल्ला. पण सॉसेजच्या बाबतीत घरचे ते आपोआप निर्धोक ठरत नाही. कारखान्यातले काही धोके घरी टळतात आणि काही नवे धोके थेट ओट्यावर येऊन बसतात.

विषाचे नाव सॉसेजवरून

‘बॉट्युलिझम’ या जीवघेण्या विषबाधेचे नाव ‘बोटुलस’ या लॅटिन शब्दावरून आले आहे. बोटुलस म्हणजे सॉसेज. १७९३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वील्डबाड येथे जनावराच्या जठरात भरलेले रक्ताचे सॉसेज खाऊन तेराजण आजारी पडले आणि त्यांतले सहाजण दगावले. पुढे १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने अशा रुग्णांच्या नोंदी चिकाटीने गोळा केल्या. केर्नर कवी म्हणूनही प्रसिद्ध होता. दृष्टी अंधुक होणे, तोंड कोरडे पडणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे ही लक्षणे त्याने तपशिलाने लिहून ठेवली. खराब सॉसेजचा अर्क त्याने स्वतःवरही आजमावला. हवा न मिळालेल्या सॉसेजमध्ये हे विष तयार होते, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. त्यामागचा जिवाणू मात्र शतकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेन्गेम यांना सापडला.

या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की ते वाढतात आणि विष तयार करतात. गच्च भरलेले सॉसेज ही नेमकी तशी जागा.

गुलाबी रंगाची किंमत

यावर मांस व्यवसायाने काढलेला तोडगा म्हणजे नायट्राइट. मिठात अगदी अल्प प्रमाणात मिसळलेले सोडियम नायट्राइट या जिवाणूला रोखते आणि मांसाला तो ओळखीचा गुलाबी रंग देते. पण अशा मांसाला जोराची आच लागली की त्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांतली काही कर्करोगाला कारणीभूत ठरतात. म्हणूनच नायट्राइट वापरलेली गुलाबी सॉसेजेस निखाऱ्यावर भाजू नयेत, असे जर्मनीत ग्राहकांना सांगितले जाते. ती गरम पाण्यात नुसती तापवून खायची असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकले. याच गटात तंबाखूही आहे. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखा, असा नव्हे. कर्करोगाशी संबंध असल्याचा पुरावा दोन्हीकडे पक्का आहे, एवढेच हा गट सांगतो. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा संस्थेचा अंदाज आहे. सॉसेजच्या माहेरघरीही आता हात आखडता घेतला जात आहे. जर्मन पोषण संस्थेने २०२४ मध्ये मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला ३०० ग्रॅमच्या आत ठेवण्याची शिफारस केली.

ताजे तेच घरचे

भाजण्यासाठीचे पारंपरिक ब्राटवुर्स्ट सहसा नायट्राइटविना करतात. म्हणून ते शिजल्यावर गुलाबी न राहता राखाडी-पांढरे दिसते. म्युनिकच्या वाइसवुर्स्टचेही तसेच. त्याने दुपारचे बारा वाजल्याची घंटा ऐकता कामा नये, अशी तिथे म्हण आहे. फ्रिज नव्हते तेव्हा सकाळी केलेले ताजे सॉसेज दुपारच्या आत संपवणे हेच शहाणपण होते. घरच्यांसाठीही नियम हाच : करायचे, शिजवायचे, खायचे. गोव्याचे चोरिस टिकते ते व्हिनेगरचा आंबटपणा, मीठ आणि वाळवण यांच्या जोरावर. ते वेगळे शास्त्र आहे आणि ते अंदाजपंचे करण्याचे काम नव्हे.

चौघांसाठी अर्धा किलो खिमा पुरतो. डुकराच्या खांद्याचे चरबीसकट मांस किंवा चिकनच्या मांडीचे मांस घ्यावे. मीठ ८ ग्रॅम, पाव चमचा पांढरी मिरी, चिमूटभर जायपत्री, थोडी सुंठ, किसलेली लिंबाची साल आणि सुका मार्जोरम. तो नसेल तर ओरेगॅनो. सोबत अर्धी वाटी बर्फाचा चुरा. हा बर्फ महत्त्वाचा. मिठामुळे मांसातले मायोसिन हे प्रथिन सुटे होते आणि चरबीला धरून ठेवते. मिश्रण कोमट झाले की चरबी वितळून वेगळी होते आणि सॉसेज भुसभुशीत बनते. म्हणून खिमा आणि भांडेही आधी फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवावे आणि मिश्रण चिकट होईपर्यंत मळावे. आतड्याचे आवरण मिळाले नाही तरी अडत नाही. बर्लिनमध्ये करीवुर्स्ट बिनसालीचेही मिळते. ओल्या हाताने लांबट वळावे.

मग रुंद पातेल्यात वाफाळते, पण न उकळणारे पाणी घेऊन त्यात सॉसेजेस हलकेच सोडावीत. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून, कोरडी करून तव्यावर थोड्या तेलात सोनेरी करावीत.

इथेच खरी परीक्षा असते. अखंड मांसावरचे जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमीही पोटात जाऊ शकतो. बाहेरचा खरपूस रंग आत काय आहे ते सांगत नाही. त्यामुळे स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरावा. सॉसेजच्या मध्यभागी डुकराच्या मांसासाठी किमान ७२ आणि चिकनसाठी ७४ अंश सेल्सियस तापमान यायलाच हवे. निखाऱ्यावर भाजायचे तर चरबी थेट आगीत ठिबकू देऊ नये. त्या धुरातही घातक संयुगे असतात.

सॉस आणि हिशेब

सॉससाठी बारीक चिरलेला कांदा परतून त्यात दोन चमचे करी पावडर अर्धा मिनिट तेलात परतावी. हळद, धणे, जिरे, मेथी, मिरी असे ओळखीचेच जिन्नस तिच्यात असतात. मग चार टोमॅटोंचा रस, चमचाभर व्हिनेगर आणि चमचाभर गूळ घालून दाट होईपर्यंत आटवावे. बाटलीबंद केचपमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण वीस ग्रॅमहून अधिक साखर असते. घरच्या सॉसमध्ये ती आपल्या हातात राहते.

मिठाचेही तसेच. विकतच्या सॉसेजमध्ये शंभर ग्रॅममागे सुमारे दोन ग्रॅम मीठ असते. दीडशे ग्रॅमचे एक सॉसेज खाल्ले की तीन ग्रॅम मीठ पोटात जाते. प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा आहे पाच ग्रॅमहून कमी. वर दिलेल्या प्रमाणात हे मीठ थोडे उतरते, पण संपत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी घरचे म्हणून सूट घेऊ नये. सोबत जर्मन पद्धतीचे आंबट कोबीचे सॅलड आणि थोडी पोळी किंवा पाव घेतला, तर बटाट्याच्या तळलेल्या कापांची गरज राहत नाही.

उरलेले कच्चे मिश्रण फ्रिजमध्ये एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. ते थेट फ्रीजरमध्ये जावे. सॉसेजेस तेलात बुडवून किंवा हवाबंद करून बाहेर ठेवणे कटाक्षाने टाळावे. वील्डबाडच्या त्या तेराजणांनीही घरचेच खाल्ले होते. खाल्ल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत दुहेरी दिसू लागले, पापण्या जड झाल्या किंवा गिळणे अवघड झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा आहे, मात्र तो वेळेत मिळावा लागतो.