द्राक्षमळे वाचले; मजुरांचे काय?

शहरालगतच्या शेतजमिनीचा प्रश्न निघाला, की जेथे अधिक दाम मिळेल तेथे ती गेली पाहिजे, असा युक्तिवाद हटकून केला जातो. बाजारपेठेच्या तर्काने तो निर्दोषही दिसतो. तथापि खाजगी मालकीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतच एका खोऱ्याने हा युक्तिवाद अर्धशतकापूर्वी नाकारला, आणि त्यामुळे ते दरिद्री न होता संपन्न झाले. कॅलिफोर्नियातील नापा नदीचे खोरे ते हेच. या प्रयोगाचे यश निर्विवाद आहे. परंतु त्याचा ताळेबंद मांडताना खर्चाची बाजू मात्र सहसा वाचली जात नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, दोन डोंगररांगांच्या मध्ये पसरलेले हे खोरे सुमारे ४८ किलोमीटर लांब व काहीच किलोमीटर रुंद आहे. एकोणिसाव्या शतकात येथे द्राक्षलागवड व वाइननिर्मिती स्थिरावली. पुढे मुळांना लागणाऱ्या किडीने मळे उद्ध्वस्त केले, आणि १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने धंद्याचे कंबरडेच मोडले. त्यानंतर कित्येक वर्षे आलुबुखार, अक्रोड आणि गुरेढोरे यांवरच खोऱ्याचा चरितार्थ चालत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लोकवस्ती झपाट्याने वाढली. शहराच्या दक्षिणेस असलेल्या सांता क्लारा खोऱ्यातील विस्तीर्ण फळबागा घरे, रस्ते आणि कारखाने यांनी पाहता पाहता गिळून टाकल्या. तेच खोरे पुढे ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हणून जगाला ठाऊक झाले. नापाच्या वाट्यालाही असेच काही येणार, हे उघड दिसत होते. अशा वेळी १९६८ साली तेथील परगण्याच्या मंडळाने कृषिराखीव क्षेत्राचा ठराव केला. अमेरिकेतील हा अशा स्वरूपाचा पहिलाच प्रयोग होय. खोऱ्याच्या सपाट भागातील जमिनीचे वीस एकरांहून लहान तुकडे पाडण्यास मनाई झाली, आणि पुढे ही मर्यादा चाळीस एकरांवर नेण्यात आली. आपल्या जमिनीचे काय करावे हे सरकारने का सांगावे, असा सवाल अनेक जमीनमालकांनी तेव्हा केला होता.

या बंधनाचा आर्थिक परिणाम समजून घेण्यासारखा आहे. द्राक्षवेल फळावर येण्यास तीनएक वर्षे लागतात आणि पुढे ती कित्येक वर्षे उत्पन्न देते. शेजारची जमीन उद्या घरांसाठी विकली जाणार नाही, अशी शाश्वती असल्याखेरीज एवढा दीर्घ पल्ल्याचा पैसा कोण गुंतवील? ही शाश्वती कायद्याने दिली. १९७६ साली पॅरिस येथे झालेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी नापाच्या दोन वाइनना अग्रस्थान दिले, आणि खोऱ्याचे नाव जगभर झाले. आज कॅलिफोर्नियाच्या एकूण वाइनपैकी अवघी चार टक्क्यांच्या आसपास वाइन येथे होते. उत्पन्नाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व या प्रमाणाहून कितीतरी अधिक आहे.

कीर्तीच्या पाठोपाठ पर्यटक आले. सुमारे एक लाख छत्तीस हजार वस्तीच्या या परगण्यात २०१८ साली अदमासे ३८ लाख लोक येऊन गेले. शेती हे निमित्त आणि पाहुणचार हाच धंदा, अशी स्थिती होण्याचा धोका तेथील लोकांनी वेळीच ओळखला होता. १९९० च्या नियमाने नव्या वाइनरींना पंचाहत्तर टक्के द्राक्षे परगण्यातलीच वापरण्याचे, आणि पाहुण्यांना पूर्वनियोजित वेळीच प्रवेश देण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी मतदारांनी आणखी एक निर्णय घेतला. शेतजमिनीचा वापर बदलायचा असेल तर लोकांचे मत घ्यावे लागेल, असा हा निर्णय होता. २००८ साली त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढविण्यात आली.

येथवरची कथा कौतुकाची आहे. परंतु ज्या कायद्याने घरांना अटकाव केला, त्यानेच घरे दुर्मिळ केली. मोक्याच्या द्राक्षमळ्याची किंमत एकरी काही लाख डॉलरांवर गेली आणि घरांचे भावही भडकले. मळ्यांत राबणारे मजूर बहुतांशी मेक्सिकन वंशाचे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना शेजारच्या परगण्यांत राहून रोज दूरचा प्रवास करावा लागतो. २००२ पासून मळेवाल्यांनी स्वतःवर एकरी कर बसवून घेतला, आणि त्यातून मजूरनिवासांना साहाय्य मिळते. हे निःसंशय स्तुत्य आहे. मात्र त्या तीन निवासांत मिळून जागा आहेत १८०, आणि त्याही एकट्याने राहणाऱ्यांसाठी. बायकामुलांचे बिऱ्हाड तेथे थाटता येत नाही. २०२० च्या वणव्यांनंतर धुराने बाधित झालेली बरीच द्राक्षे वेलींवरच राहिली. मालकाला निदान विम्याचा आधार असू शकतो; तोडणीच्या मजुराची बुडालेली रोजी कोण भरून देणार?

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. नाशिकजवळची सुला वाइनरी कॅलिफोर्नियात शिकून परतलेल्या राजीव सामंत यांनी उभी केली, आणि तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. आज गोदावरीच्या खोऱ्यातही द्राक्षमळे, पर्यटक आणि वाढते शहर एकाच जमिनीकडे डोळे लावून आहेत. नापाचे अनुकरण वाइनपुरतेच करून थांबणे शहाणपणाचे ठरणार नाही. जमिनीचे रक्षण केल्याशिवाय द्राक्षे टिकणार नाहीत, हा नापाचा पहिला धडा. पेठ-सुरगाण्याहून मळ्यांत कामाला येणाऱ्या मजुराच्या निवाऱ्याची तरतूद त्याच कायद्यात, त्याच वेळी झाली पाहिजे, हा दुसरा. पहिला धडा गिरवण्यास नापाला एक ठराव पुरला. दुसरा तेथेही अजून अपुराच राहिला आहे.