पंख्याचा आलेख खोली बघून आखा

ग्राफिक्स कार्डाचा पंखा कितीही जोरात फिरवला, तरी कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, कन्नोदच्या बाजूला असलेल्या लोहारद्यात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी गाठतो, तेव्हा सगळा हिशेब इथूनच सुरू करावा लागतो.

समजा, हिवाळ्यात खोली २२ अंशांवर आहे आणि गेम चालू असताना कार्ड ६६ दाखवतंय. फरक ४४ अंशांचा. काम तेच आणि पंख्याचा वेगही तोच ठेवला, तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. म्हणजे खोली ४० झाली की कार्ड ८४ वर. एन्व्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत मूळ मर्यादा ८३ अंशांच्या आसपास असते. ती गाठली की कार्ड स्वतःला जपण्यासाठी आपला वेग कमी करतं आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून थंड मुलुखातल्या कुणाचा आलेख जसाच्या तसा उचलू नये.

आपला आलेख आखायला एमएसआय आफ्टरबर्नर हा मोफत प्रोग्राम पुरतो. कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. सेटिंगमध्ये फॅनचा टॅब उघडून पंख्याचं नियंत्रण आपल्याकडे घेण्याच्या चौकटीत खूण करायची. समोर आलेख येतो: आडवं तापमान, उभा पंख्याचा टक्का. सुरुवातीला ५० अंशांपर्यंत ३०–३५ टक्के, ६० ला ४५, ७० ला ६०, ७८ ला ८० आणि ८४ ला शंभर असे ठिपके ठेवावेत. मग भर दुपारी, दोन-तीनच्या सुमारास, अर्धा तास जड गेम चालवून आकडे बघावेत. पाच मिनिटांची चाचणी फसवी असते, कारण कॅबिनेट पुरतं तापायला वेळ लागतो. प्रोग्राम विंडोजबरोबर सुरू होईल असं ठेवा; तो बंद झाला की कार्ड कंपनीच्या आलेखावर परत जातं.

मग शंभर टक्केच का लावून ठेवू नये? पंखा ६० वरून ७५ टक्क्यांवर नेला आणि फेरेही त्याच प्रमाणात वाढले, तर हवा सव्वापट मिळते. पण पंख्याला लागणारी वीज जवळपास दुप्पट होते आणि आवाज सुमारे पाच डेसिबलनं चढतो. वरच्या टोकाला तर आवाज वाढतच जातो, तापमान मात्र जेमतेम अंशभर उतरतं. शिवाय सबंध कार्डात फिरणारा भाग हा एकच. त्याचं बेअरिंग झिजतं, आणि बहुतेक वेळा आधी तेच कुरकुरायला लागतं.

बेअरिंगला दुसरा त्रास वारंवार चालू-बंद होण्याचा. हल्लीची कार्डं साधारण ५०–६० अंशांखाली पंखा थांबवून ठेवतात. थंड खोलीत ही सोय उत्तम. पण इथे उन्हाळ्यात नुसता ब्राउझर उघडा असला तरी कार्ड त्याच सीमेवर रेंगाळतं, आणि पंखा दर मिनिटाला उठतो-बसतो. त्यापेक्षा उन्हाळाभर तो ३० टक्क्यांवर संथ फिरत ठेवावा, किंवा हिस्टेरेसिस चार-पाच अंशांचा द्यावा, म्हणजे तापमान तेवढं उतरल्याशिवाय वेग कमी होत नाही.

पंखा नव्वदीपलीकडे जाऊ लागला, तर मी आलेख सोडून पॉवर लिमिटला हात घालायला सांगेन. ते ८५ टक्क्यांवर आणलं की कार्ड वीज कमी ओढतं, उष्णताही कमी निघते आणि गेमच्या फ्रेम त्या मानानं फार थोड्या घटतात. कार्डाच्या आयुष्यासाठी इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

वाळ्याचा किंवा जाळीचा कूलरही खरी मदत करतो. माळव्याची हवा कोरडी आहे म्हणून तो चालतो. खोली आठ अंशांनी उतरली, तर कार्डही जवळपास तेवढंच उतरतं. झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नये, बारीक तुषार आत जातात.

राहिली धूळ. मार्च-एप्रिलात गहू निघतो, मळणीचा भुसा हवेत असतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्याचा नमदा बसतो. मग उत्तम आलेखही काही करू शकत नाही. हंगाम संपला की कॅबिनेट बाहेर न्यावं, वायर काढाव्यात आणि ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटानं धरून ठेवावा. मोकळा सोडला तर हवेच्या जोरानं तो त्याच्या मर्यादेपलीकडे फिरतो, आणि बेअरिंगचं नुकसान तिथेच होतं.