बदकाची अंडी आणि बांबूच्या सुया

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेचा विषय निघाला, की ऑस्ट्रेलियन लष्करी डॉक्टर एडवर्ड ‘विअरी’ डनलॉप यांचे एकच चित्र डोळ्यांपुढे येते: जंगलात बांबूच्या टेबलावर शस्त्रक्रिया करणारा धिप्पाड सर्जन. चित्र खरे आहे, पण अपुरे आहे. १९०७ साली व्हिक्टोरियात जन्मलेले डनलॉप मार्च १९४२ मध्ये जावा बेटावर जपान्यांच्या हाती सापडले आणि जानेवारी १९४३ मध्ये थायलंडमधल्या कोन्यू, नंतर हिंतोक छावणीत पोचले. ४१५ किलोमीटरच्या त्या मार्गावर माणसे मरत होती ती उपासमार, हगवण, हिवताप, बेरीबेरी आणि पटकीने. यांपैकी कशालाही सुरी चालत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की या डॉक्टरांनी जे प्राण वाचवले ते मुख्यतः व्यवस्थेच्या बळावर.

पुरावा पैशापासून सुरू होतो. जपानी नियमाप्रमाणे कामावर गेलेल्या कैद्याला तुटपुंजी मजुरी मिळे. आजाऱ्याला काहीच मिळत नसे आणि त्याचा शिधाही कापला जाई. म्हणजे ज्याला अन्नाची गरज सर्वाधिक, त्यालाच ते सर्वांत कमी. डनलॉप यांनी अधिकाऱ्यांच्या पगारातून सक्तीची वर्गणी घेतली. कुरबूर झाली, पण ते मागे हटले नाहीत. त्या निधीतून बदकाची अंडी आणि औषधे येऊ लागली. कांचनबुरीचे थाई व्यापारी बूनपोंग जीव धोक्यात घालून छावण्यांना माल पुरवत. जीवनसत्त्वांअभावी सुजलेल्या माणसाला ते अंडे हेच औषध होते. १९४३च्या पावसाळ्यात पटकी आली तेव्हा ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ घालून सलाईन बनवले गेले, आणि ते शिरेत सोडायला बांबूच्या सुया व स्टेथोस्कोपच्या नळ्या कामी आल्या. पण त्याआधी पाणी उकळणे, शौचाचे चर खणणे, जेवणाची भांडी उकळत्या पाण्यात बुडवणे हा नेम अर्धमेल्या माणसांकडून रोज पाळून घ्यावा लागे.

या नेमाचे मोल याच मार्गावरच्या दुसऱ्या एका तुकडीच्या, ‘एफ फोर्स’च्या, आकड्यांत दिसते. १९४३ मध्ये सिंगापूरच्या चांगी छावणीतून पाठवलेल्या या सुमारे ७,००० कैद्यांपैकी ३,०००हून अधिक मेले. मार्ग एक, मुकादम तेच. तरी ऑस्ट्रेलियनांपैकी सुमारे तीन दशांश दगावले, तर ब्रिटिशांपैकी निम्म्याहून अधिक. यावर आक्षेप असा, की ब्रिटिशांत मुळातच आजारी माणसे जास्त होती आणि ती अनेक पलटणींतून गोळा केलेली होती. आक्षेप रास्त आहे. आजाराचा वाटा नाकारता येत नाही. पण विखुरलेल्या पलटणींचा मुद्दा माझ्याच म्हणण्याकडे येतो: जिथे एकमेकांना ओळखणारी, एका शब्दाने हलणारी माणसे होती, तिथे डॉक्टरचा नेम टिकला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. रोज सकाळी कामाला कोण जाणार याच्या निवडीत डॉक्टरचा हात असे. मग तोही त्या यंत्रणेचा भाग नव्हता का? होता. मात्र किती माणसे हवीत हा आकडा जपानी अभियंते ठरवत. डॉक्टर बाजूला झाला असता तरी आकडा तोच राहिला असता. निवड तेवढी पहारेकऱ्याच्या काठीने झाली असती. डनलॉप मार खाऊनही आजाऱ्यांसाठी हुज्जत घालत, आणि त्याची नोंद लपवलेल्या रोजनिशीत करत. ती १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली.

या रेल्वेवर ६०,०००हून अधिक युद्धकैदी राबले. त्यांतले १२,०००हून अधिक गेले. याच मार्गावर मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ मजूर होते, ब्रह्मी होते, जावानीज होते. त्यांच्यापाशी ना पलटण होती, ना निधी, ना नेम लावणारा आपला डॉक्टर. त्यांचे मृत्यू ७०,०००हून अधिक असावेत असा अंदाज केला जातो. अंदाजच, कारण मोजायला वही नव्हती. कांचनबुरीत युद्धकैद्यांच्या जवळजवळ ७,००० कबरी ओळीने उभ्या आहेत. त्या मजुरांसाठी अशी ओळ नाही. डनलॉप यांच्या वहीची आणि वर्गणीची किंमत किती होती, हे त्या रिकाम्या जागेवरून कळते.