आळशी माणसाची बाग

आधीच कबूल करून टाकतो. बागकामाच्या बाबतीत मी पक्का आळशी आहे. आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे जमिनीचा एक चिंचोळा पट्टा आहे. दहा ढांगांत संपतो. त्यात एक जास्वंद, एक कढीपत्ता, एक लिंबोणी, मोरीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ आणि मनाला येईल तिथे उगवणारी सदाफुली. झाली आमची बाग! एकदा हौसेनं गुलाब आणले होते. त्यांना खत घाला, छाटणी करा, मावा पडला की धावा... दुसऱ्याच वर्षी ते रुसून गेले. जास्वंद मात्र बिचारी कधी रुसत नाही.

पलीकडे शेजारच्या आजोबांची बाग आहे. एकदम टापटीप! खाली एक पान पडलेलं दिसणार नाही. पण पाखरं म्हणाल, तर ती सगळी आमच्याकडे! याचं आजोबांना फार नवल वाटायचं. खरं तर त्यात नवल काहीच नाही. गळलेली पानं मी कर्दळीच्या बुडाशी ढकलून ठेवतो. (पुन्हा आळसच!) त्या पाल्यात किडे होतात आणि ते टिपायला काळापांढरा दयाळ येतो, शेपटी ताठ उभारून. कढीपत्त्याला काळी फळं धरली की बुलबुल आणि लाल डोळ्यांचा कोकीळ हजर. फळं खाऊन बिया टाकतात, की नवी रोपं तयार! जास्वंदीवर येतो शिंजीर. जेमतेम चार इंचांचा हा पक्षी महाबिलंदर आहे बरं का! फूल मोठं असलं, की सरळ त्याच्या बुडाला चोचीनं भोक पाडतो आणि मध पळवतो.

आणि लिंबोणीवर? तिथे कधी कधी पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. काडीनं हळूच डिवचून बघा. ती शीट चालायला लागते! ती असते लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. फारच छळलंत तर डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते, की विचारू नका. अळ्या दिसल्या की पूर्वी मी औषध फवारायचो. आता नाही फवारत. दाणे खाणारी आपली चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवते, हे कळल्यावर हात धजला नाही. चार पानं कुरतडली तर कुरतडली.

एक गोष्ट मात्र आळसानं नाही, उत्साहानं बिघडवली. दिवाळीची साफसफाई चालली होती. मागच्या दारी कपड्यांच्या तारेला जळमट लोंबत होतं. कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे तुकडे, सगळा कचरा. मी झाडूचा एक फटका मारला. खाली पडलं तेव्हा आतून मऊ कापूस बाहेर आला आणि दोन इवलीशी अंडी. फुटलेली. ते शिंजिराचं घरटं होतं. शत्रूला कचरा वाटावा, म्हणूनच ते तसं बांधलेलं असतं. शत्रू फसला नाही, मी फसलो. मादी दोन दिवस त्या तारेवर येऊन बसत होती. मला मागचं दार उघडायची लाज वाटायची.

म्हणूनच यंदा पावसाळ्यात उंबराचं प्रकरण झालं, तेव्हा मी जरा जास्तच हळवा झालो असेन.

झालं असं, की कुठल्याशा पाखरानं टाकलेल्या बीमधून आमच्या आणि आजोबांच्या सामाईक भिंतीत उंबर उगवला. बघता बघता छातीएवढा झाला. आजोबा कोयता घेऊनच आले. त्यांचं म्हणणं खरं होतं. उंबराची मुळं भिंत फोडतात. मी मान डोलावली. तेवढ्यात पाचवीतली माझी भाची ओरडली, "आजोबा, थांबा! इथे पानं शिवलीत!"

आम्ही वाकून पाहिलं. दोन पानांच्या कडा एकमेकींना जोडून पिशवी केली होती. कडेला बारीक भोकं आणि त्यांतून ओवलेले कापसाचे, जाळ्याचे धागे. शिंपी पक्ष्याची करामत! हे काम मादी करते. चोच हीच तिची सुई. प्रत्येक टाका सुटा असतो आणि धाग्याचं टोक बाहेर फुगून राहतं, म्हणून तो निसटत नाही. पानं झाडावरच असल्यामुळे हिरवीगार राहतात आणि घरटं कुणाला दिसत नाही. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात 'सुटोरियस' असा शब्द आहे. लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे जोडे शिवणारा. आपण मात्र त्याला कपडे शिवायला बसवलंय!

आत तीन अंडी होती. "किती दिवस?" आजोबांनी विचारलं. अंडी उबायला बारा-एक दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे. म्हणजे महिनाभराचा मामला. आजोबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग म्हणाले, "एवढी वर्षं उभी आहे भिंत. एक महिना काही पडत नाही."

मग नियम ठरले. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, पायरीवरून बघायचं. भाचीनं वहीत नोंदी ठेवल्या. 'नर-मादी दोघंही अळ्या आणतात. एवढासा पक्षी, पण टोविट-टोविट केवढ्यानं ओरडतो!' मांजर आलं, की आजोबा खिडकीतून टाळ्या वाजवायचे.

एका सकाळी आखूड शेपटीची पिल्लं लिंबोणीत दिसली. तीन अंड्यांची दोनच. तिसऱ्याचं काय झालं ते कळलं नाही. भाची रडली थोडी. आठवड्यानं आजोबांनी आणि मी पहारीनं उंबर मुळासकट काढला आणि ओढ्याच्या काठी लावला. जगेल असं वाटतंय.

आजोबांनी आता मातीच्या परळात पाणी ठेवायला सुरुवात केली आहे. दोन बोटंच खोल, मध्ये बसायला एक दगड. डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलतात. बाग अजून टापटीपच आहे. फक्त भिंतीकडचा एक कोपरा हल्ली झाडायचा राहून जातो. विचारलं तर म्हणतात, "कंबर दुखते रे!"