जुने मेडिकल रेकॉर्ड कसे मिळवायचे? आभा नंबर असला की काम झालं का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर नातेवाईक हमखास विचारतात, "आभा कार्ड काढलंय, मग त्यात जुने रिपोर्ट का दिसत नाहीत?" सरळ उत्तर: ते तिथे आपोआप येतच नाहीत.

आभा नक्की काय करतं?

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा नंबर हा त्यातला तुमचा १४ अंकी ओळख क्रमांक. (पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, बरं का!) तुमचे रिपोर्ट एका मोठ्या सरकारी सर्व्हरवर गोळा होत नाहीत, ते त्या त्या हॉस्पिटलच्या किंवा लॅबच्या सिस्टीममध्येच राहतात. हॉस्पिटल या जाळ्यात असेल आणि त्यांनी तुमची नोंद आभाला जोडली असेल, तरच ती तुमच्या ॲपमध्ये दिसते. दहा वर्षांपूर्वीची कागदी फाईल तुम्हालाच शोधावी लागते.

फाईल नावाने नाही, नंबरने सापडते

मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल रेकॉर्ड विभाग असतो, त्याला एमआरडी म्हणतात. तिथे प्रत्येक पेशंटचा यूएचआयडी आणि प्रत्येक ॲडमिशनचा आयपीडी नंबर असतो.

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. नव्या डॉक्टरांनी विचारलं, स्टेंट कुठला, कुठल्या रक्तवाहिनीत? जुन्या हॉस्पिटलने मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललेलं, नावाने शोधून काहीच निघेना. शेवटी मेडिक्लेमच्या कागदांत एक बिल सापडलं. त्यावरच्या आयपीडी नंबरने फाईल निघाली.

म्हणून आधी नंबर शोधा: डिस्चार्ज कार्ड, बिलं, लॅबचे एसएमएस, जुने ईमेल. क्लेम केला असेल तर विमा कंपनी किंवा टीपीएकडेही विचारा. क्लेमसोबत दिलेले कागद त्यांच्याकडे असू शकतात.

नियम काय सांगतो?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर रेकॉर्ड ७२ तासांत द्यायला हवं. पण दाखल पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच सांभाळणं बंधनकारक आहे. त्यानंतर फाईल मिळाली तर नशीब. त्यामुळे "बघू नंतर" करू नका.

अर्ज कसा करायचा?

१. अर्ज लेखी द्या. नाव, दाखल झाल्याची तारीख आणि नंबर लिहा.
२. "सगळे कागद द्या" एवढंच लिहू नका. डिस्चार्ज समरी, ऑपरेशनच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, सीडी असं एकेक नाव लिहा.
३. ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. आई-वडिलांसाठी जात असाल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र न्या.
४. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का-सही, म्हणजे पोच घ्या. ७२ तासांचा हिशेब तिथूनच मांडता येतो.

सरकारी रुग्णालयाने दाद दिली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याला उत्तर देण्याची मुदत साधारणपणे ३० दिवसांची असते.

सीडीचं काय?

सीटी, एमआरआय, अँजिओग्राफी डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे डायकॉम नव्हे. डॉक्टरांना मूळ फाईलमध्ये प्रत्येक स्लाईस पाहता येते, मापं घेता येतात. सीडी खराब होण्याआधी तिच्यातलं सगळं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राईव्हवर आणि क्लाउडवर कॉपी करा. मायक्रोडायकॉमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकदा खात्री करून घ्या.

कागद हातात आले की स्कॅन करून फाईलला वर्ष, महिना, हॉस्पिटल आणि तपासणी अशा क्रमाने नाव द्या. आभा ॲपमध्येही ते तुम्ही स्वतः अपलोड करू शकता. घरातल्या कुणाचं तीन वर्षांच्या आत ऑपरेशन झालं असेल, तर सुरुवात त्यांच्या फाईलपासून करा.