फुप्फुसाच्या रिपोर्टमधला ‘प्रेडिक्टेड’ आकडा येतो कुठून?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत काम करणारे अनेक जण स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, “डॉक्टर, ८० टक्के म्हणजे पास ना?” हा परीक्षेचा निकाल नाही. तो आकडा समजला तर पुढचा निर्णय योग्य होतो.

तपासणीत काय मोजतात?

तुम्ही पूर्ण श्वास घेऊन नळीत जोरात फुंकता. एकूण किती हवा बाहेर पडली (एफव्हीसी) आणि पहिल्या सेकंदात किती पडली (एफईव्ही-१), हे यंत्र लिटरमध्ये मोजते. ही झाली तुमची हवा. ‘प्रेडिक्टेड’ म्हणजे तुमच्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी स्त्री किंवा पुरुषाची अपेक्षित हवा. टक्केवारी या तुलनेतून येते.

अपेक्षित आकडा कोण ठरवते?

२०१२ मध्ये ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय गटाने २६ देशांतील ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या नोंदींवरून सूत्रे तयार केली. त्यासाठी ‘आर’ हे संख्याशास्त्राचे मोफत सॉफ्टवेअर वापरले गेले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ते सुरू केले. आज ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील ‘आर फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था देणग्या आणि सभासद वर्गणीच्या बळावर त्याला आधार देते.

याचा तुम्हाला काय फायदा? हे सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही. त्याची आतली रचना उघडी आहे. सोलापुरातला विद्यार्थीही ते पैसे न देता वापरू शकतो आणि हिशेब कसा होतो ते तपासू शकतो.

हिशेब उघडा असला की उणिवाही दिसतात

२०१२ च्या सूत्रांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट होऊ शकला नाही. पुढे २०२२ मध्ये वंश न विचारता सर्वांसाठी एकच सूत्र मांडले गेले. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांत वेगवेगळी सूत्रे असू शकतात.

समजा, तुमची एफईव्ही-१ २.४ लिटर आहे. एका सूत्राने अपेक्षित ३ लिटर धरले तर रिपोर्ट ८० टक्के, दुसऱ्याने २.८ धरले तर साधारण ८६ टक्के. फुप्फुस तेच, आकडा मात्र वेगळा. म्हणून टक्क्यांपेक्षा ‘एलएलएन’ म्हणजे किमान सामान्य मर्यादा पाहणे बरे. शंभर निरोगी माणसांपैकी फक्त पाच जण तिच्या खाली असतात.

कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांसाठी

पिंजणी आणि सूतकताईच्या सुरुवातीच्या विभागांत धूळ सर्वात जास्त असते. मागावर त्यापेक्षा कमी, पण असते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर तो बिसिनोसिस असू शकतो. हा आजार कामगार विम्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे तुमचे जुने रिपोर्ट उपचारासाठी आणि हक्कासाठीही कामी येतात.

तुम्ही काय करावे?

- उंची दरवेळी चपला काढून मोजून घ्या. अंदाजाने सांगू नका. उंची चुकली की अपेक्षित आकडाही चुकतो.
- शक्यतो दरवर्षी एकाच ठिकाणी तपासणी करा आणि रिपोर्टवर कोणते सूत्र वापरले आहे ते विचारा.
- तुलना करताना टक्के नव्हे, लिटर पाहा. वयानुसार हवा थोडी कमी होतेच. झपाट्याने कमी होत असेल तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ असला तरी डॉक्टरांना दाखवा.
- शक्य असल्यास एक तपासणी पाळीच्या आधी आणि एक पाळी संपल्यावर करून घ्या. धुळीचा परिणाम त्या फरकात दिसू शकतो.
- विडी-सिगारेट बंद करा. धूळ आणि धूर मिळून नुकसान वाढवतात.

बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळे पडणे किंवा थुंकीतून रक्त येणे यांपैकी काहीही झाले, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.